महालातल्या घरातले नववे पाय

माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवावा, की त्याच्या पायांवर? तुमचं तुम्ही ठरवा. मी तीस वर्षं इतवारीत चपला विकतो, म्हणून पायांकडे बघतो. तोंड धुऊन येता येतं. टाच सगळं सांगून टाकते.

महाल भागात एका मालकानं जुनं घर डागडुजी करून पुन्हा उभं केलं. सागवानी खांबांना तेल पाजलं, भिंतींना चुना दिला. लोक बघायला येतात. फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून पाहुण्यांसाठी कापडी सपाता हव्या होत्या. एका सकाळी मी मापं घ्यायला गेलो.

घर दाखवतात शोभाताई. आत किती गेले, बाहेर किती आले, हे वहीत लिहायचं. मागच्या महिन्यात एक पाहुणा आतच राहिला आणि बाई कुलूप लावून जेवायला गेल्या. मालकानं बजावलं, पुन्हा आकडा चुकला तर येऊ नका.

त्या दिवशी पाहुणे आठ. माजघराचं दार बुटकं, वाकल्याशिवाय आत येता येत नाही. मी आत पाटावर बसून येणाऱ्या पायांची मापं लिहीत होतो. शेवटचे पाय बाईचे. सात नंबर, पंजा रुंद, जोडवी झिजलेली. ते आत आले आणि ओल्या चुन्याचा वास आला.

कागदावर मापं नऊ झाली. मान वर केली. माणसं आठ.

“शोभाताई, कोणी माडीवर गेलं का?”

“जिना बंद हाय, मधुकरभाऊ. काहून?”

“पाय नऊ जणांचे आले.”

पाहुण्यांतले जाडजूड रुपराव म्हणाले, “मलेच दोनदा धरलं असन. लग्नाच्या पंगतीत असंच होते.”

सगळे हसले. शोभाताई ओसरीवर जाऊन आल्या. “बाहेर चपला नऊ जोड हाय... आपल्या दोघाच्या सोडून.”

घर धुंडाळलं. कोठीच्या खोलीत रुंद पंजाचे ओले ठसे भिंतीपर्यंत गेले होते. परतीचे नव्हते... रुपरावांना एकदम घरचं काम आठवलं. त्यांच्यामागे सगळेच निघाले. ओसरीवर एक जोड उरला, तोंड घराकडे.

“भाऊ, तुम्हीच लिहा. तुमच्या अक्षरावर मालकाचा भरोसा हाय. नऊ लिहिले तं माही नोकरी जाईन.”

मी लिहिलं, आत आठ, बाहेर आठ. सही ठोकली. कुलूप लागलं. आतून कोणी हाक मारली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

दुकानात परतलो तर आमची प्रेमिला म्हणाली, “अहो, एक बाई केव्हाची बसून राहिली. चपला दाखवल्या तं नको म्हणते. तुमचं एक लिहायचं राहिलं म्हणते.”

बाकावर कोणी नव्हतं.

“आत्ता तं होती. गेली असन.”

“अनवाणी?”

उंबऱ्याबाहेर सात नंबरचा जोड होता, तोंड दुकानाकडे. अजून तिथंच आहे. मी रोज दुकानाच्या वहीत लिहितो, आत एक. बाहेरचा रकाना कोराच राहतो.

म्हणून सांगतो, कोणाची कितीही भीड पडो, आत गेले किती आणि बाहेर आले किती, तेवढा हिशोब खरा ठेवा.