हाकेला ओ

टाकीतलं पाणी संपलं होतं, बाकी काही नाही. त्या सहलीचा विषय निघाला की मी उठून का जाते, असं तुम्ही सगळे विचारता ना? मग ऐका. सुरुवात त्या पाण्यापासूनच आहे.

लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर आम्ही पहिल्यांदा कुठेतरी दोघंच गेलो होतो. हे कारखान्यात, पत्रे दाबायच्या यंत्रांवर, प्रेसशॉपला, कायम रात्रपाळी. मी शाळेत, सकाळची. मी डबा घेऊन निघायची तेव्हा हे दारात चपला काढत असायचे. एका छपराखाली राहून आमची भेट रविवारची, आणि रविवारी नेमके पाहुणे! यंत्रांच्या धडधडीत यांचा डावा कान गेला, पोरांवर ओरडून माझा आवाज कायमचा चढला. निवृत्त झाल्यावर मात्र मी हट्टच धरला. एकदा तरी समुद्राच्या कडेकडेने लांब जायचं, वाटेल तिथे थांबायचं, आणि बरोबर तिसरं माणूस नको.

परदेशात आम्हाला परवडली ती सगळ्यात जुनी कॅम्परव्हॅन. पूर्वी तिच्यातून पाव पोचवत असावेत, कारण उन्हात तापली की आत भाजलेल्या पिठाचा वास यायचा. मागे गादी, कडेला एकच शेगडी, आणि एक सरकतं दार, जे कधीच पूर्ण लागायचं नाही. जागा इतकी कमी की एकाने कूस बदलली की दुसऱ्याला बदलावीच लागे. पण खरं सांगते, मी इतकी सुखी कधीच नव्हते. सकाळी डोळे उघडले की शेजारी हे घोरत असायचे. जन्मभर मला एवढंच हवं होतं, आणि बासष्टाव्या वर्षी ते मिळालं म्हणून थोडी लाजही वाटत होती.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. मी यांना ‘अहो’ म्हणते. तीस वर्षं रोज सकाळी साठ पोरांची नावं खणखणीत घेतली, पण नवऱ्याला नावाने हाक मारली नाही. फॉर्मवर लिहिलं, बँकेत सांगितलं, हाक मात्र ‘अहो’. नावाने हाक मारली की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई म्हणायच्या. माझा त्यावर विश्वास नव्हता. पण उगाच परीक्षा कशाला बघा?

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही समुद्रात घुसलेल्या एका उंच टोकावर थांबलो. खडी टाकलेली मोकळी जागा, आमच्याशिवाय एकही गाडी नाही. जमिनीच्या बाजूला दीडेकशे पावलांवर बंद पडलेली स्वच्छतागृहं आणि त्यांच्या भिंतीला एक नळ. दुसऱ्या बाजूला खांबांना बांधलेली दोरी, दोरीपलीकडे थोडं गवत, आणि मग एकदम खाली समुद्र.

"पाणी घेऊन येतो. तू कप काढून ठेव, मास्तरीणबाई," हे म्हणाले आणि कॅन हलवत निघाले. साडेतीन वाजले होते. लख्ख ऊन होतं.

मी कप काढले, साखर काढली, मान वर केली तर दोरी दिसत नव्हती. समुद्रावरून धुकं चढत होतं. आधी दोरी गेली, मग खांब, मग आमच्याच गाडीचा आरसा. लाटांचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा झाला. आत ओल्या लोकरीचा वास भरला. हॉर्न वाजवावा म्हटलं, तर तो किल्लीशिवाय वाजत नव्हता आणि किल्ली यांच्या खिशात.

मी दारातल्या फटीला तोंड लावून हाक मारली, "अहो!"

"ओ," लगेच उत्तर आलं. नळाच्या बाजूने.

माझा जीव भांड्यात पडला. "सरळ या. आवाजावर या. अहो, ऐकू येतंय ना?"

"आलो... आलो."

खडीवर पावलं वाजू लागली. सावकाश, दमलेल्या माणसाची. मी कप पुसत उभी राहिले. पावलं दाराशी आली आणि थांबली.

"आत या की. दार ओढा."

दार हललं नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की भरलेल्या कॅनमध्ये पाणी डुचमळतं, तो आवाज नव्हताच.

"पुन्हा..." बाहेरून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "पुन्हा म्हण ना."

"काय?"

"तेच... अहो." आवाज फटीच्या आणखी जवळ आला. "किती वर्षं झाली... कुणी हाकच मारली नाही."

भाषा आपली होती. आवाज पुरुषाचा होता, मऊ होता, पण यांचा नव्हता. माझ्या मानेवरून गार काटा गेला. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, मी फटीशी आणखी सरकले. इतक्या आसेने माझ्या दाराशी कधी कुणी काही मागितलं नव्हतं. ‘अहो’ अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

तेवढ्यात दुसरीकडून, लांबून, समुद्राच्या बाजूने आवाज आला. "ओ! आलो गं. थांब तिथेच... येतोय."

हा आवाज यांचा. आणि मी तर आता हाक मारलीच नव्हती.

हे भलत्याच कुणाला तरी ओ देत होते, आणि ते कुणीतरी दोरीच्या पलीकडे होतं. एका कानाच्या माणसाला आवाज कुठून येतो ते कळत नाही. मी ‘अहो’ म्हणावं तर दाराशी उभा असलेला आत येणार. शिवाय तिकडून बोलावणारीही तेच म्हणत असणार, मग यांना माझी हाक ओळखू यायची कशी? नाव जिभेवर आलं आणि अडकलं. सासूबाई आठवल्या. मग डोळे घट्ट मिटले आणि हजेरीच्या आवाजात, सगळा वर्ग गप्प होईल अशा आवाजात, मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा.



मग दाराशी कुणीतरी घसा खाकरल्यासारखं झालं. "माफ करा, वहिनी," तो आवाज म्हणाला. "मला वाटलं..." पावलं वळली आणि खडीवरून आली तशीच सावकाश जमिनीच्या बाजूला गेली.

"मास्तरीणबाई?" लांबून यांचा घाबरलेला आवाज. "तू तिकडे कशी?"

"बोलू नका! माझा आवाज जिकडे मोठा होईल तिकडे या," मी ओरडले आणि एकोणतिसाचा पाढा सुरू केला. दुसरं काही सुचेचना. तीन वेळा म्हटला, तेव्हा कुठे यांचा हात दाराला लागला. कॅनमधलं पाणी सांडून पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली, कॅन कुठेतरी राहिलेला.

"तूच तर बोलावत होतीस," हे म्हणाले. "अहो, अहो करत. खालून."

"खाली समुद्र आहे."

"पायाला दोरी लागली तेव्हा कळलं ते. तरीही जावंसं वाटत होतं." माझ्याकडे बघत हे म्हणाले, "चाळीस वर्षांत तू मला तशी हाक मारली नाहीस गं..."

ते वाक्य मला धुक्यापेक्षा जास्त बोचलं.

धुक्यातूनच गाडी अगदी हळू हाकत आम्ही निघालो आणि पुढच्या गावात, दहा-बारा गाड्या उभ्या होत्या तिथे मुक्काम केला. हे झोपले. मला झोप येईना. भीती होतीच, पण जीव दुसऱ्याच गोष्टीने कासावीस होत होता. दाराशी आलेला तो वर, यांना बोलावणारी ती खाली, मध्ये लाटांचा गोंगाट. ती किती वर्षं हाका मारतेय आणि त्याच्यापर्यंत एकही पोचत नाही. ती कुठे आहे हे मला पाच मिनिटं आधी कळलं असतं तर मी सांगितलं नसतं का? शाळा सुटल्यावर फाटकाशी राहिलेलं पोर घरच्यांच्या हाती दिल्याशिवाय मी कधी घरी गेले नाही. माझा माणूस मला परत मिळाला होता, आणि तिचा तिथेच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडी मागे वळवायला लावली.

धुक्याचा मागमूस नव्हता. यांना काचा वर करून आत बसायला सांगितलं आणि मी नळापर्यंत गेले. ‘अहो’ म्हणायचं नाही, हे पक्कं ठरवलं होतं.

"भाऊजी," मी रिकाम्या भिंतीला म्हटलं, "वहिनी खाली आहेत. समुद्राच्या बाजूला. त्या बोलावतायत तुम्हाला."

नळ ठिबकत होता. बाकी काही झालं नाही. माझं मलाच हसू आलं, पण मन हलकं झालं. वळून आले तर गाडीचं दार सताड उघडं, आणि हे दोरीशी, समुद्राकडे तोंड करून उभे.

मी धावत जाऊन दंड धरला. "बाहेर कशाला आलात?"

"हाक मारलीस म्हणून."

"मी तिकडे होते. आणि आज मी ‘अहो’ म्हटलंच नाही."

"अहो नाही गं," हे म्हणाले. नजर खाली पाण्यावरच होती. "नावाने. काल मारलीस ना, अगदी तशी... तीनदा."

धुक्यात काल ते नाव मी एवढ्या मोठ्याने घेतलं होतं. कुणाकुणाला ऐकू गेलं असेल, याचा विचारच मी केला नव्हता.

"तुम्ही... ओ दिलीत?"

यांनी माझा हात हळूच सोडवला आणि हे गाडीत जाऊन बसले.

दोन वर्षं झाली. मी अजून विचारते. यांनी अजून सांगितलेलं नाही.