तिसऱ्यांदा तापवायचं राहिलं

शिंपीकाकांच्या म्हणण्यानुसार पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं.

विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचं काम मी पाच वर्षं करतेय. पाणी नेहमी गुडघ्यापर्यंतच येतं, आग नेहमी सगळ्यात महाग कपाटालाच लागते, आणि जे फुटतं ते हमखास आपोआप फुटतं. ‘माझ्या हातून फुटलं’ असं लिहिलेला अर्ज माझ्या टेबलावर आजवर आलेला नाही. तेव्हा मी वहीत ‘गुडघा’ लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि साक्षीदार शोधायला शेजारच्या दुकानाचं दार वाजवलं.

दार उघडलं ते एका उंच माणसाने. कपाळावर काजळीचा फराटा, हातात चिमटा, चिमट्यात लाल झालेलं काहीतरी.

“एक मिनिट हं,” असं म्हणून त्याने ते पाण्याच्या वाडग्यात सोडलं. चुर्रर्र झालं, वाफ वर आली, आणि वाफेतून त्याचा चेहरा निघाला. बरा होता. म्हणजे... नोंद घेण्याइतपत बरा होता.

“वरचा नळ फुटला तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं?” मी विचारलं.

“घोट्यापर्यंत.”

“शेजारचे काका गुडघ्यापर्यंत म्हणतात.”

“काका खोटं नाही बोलत,” तो गंभीरपणे म्हणाला. “ते तेव्हा जमिनीवर मांडी घालून शर्टाची काजं करत बसले होते. बसलेल्या माणसाचा गुडघा घोट्याएवढ्याच उंचीवर असतो.”

शेजाऱ्याला खोटं न पाडता खरं सांगणारा साक्षीदार मला पहिल्यांदाच भेटत होता. मी वही मिटली. मग उगाचच विचारलं, “आणि हे वाडग्यात काय शिजतंय?”

“नाणं. उद्यापर्यंत अंगठी होईल.”

त्याच्या बाकावर अशा वीसेक अंगठ्या मांडलेल्या होत्या. काहींवर जहाज होतं, काहींवर गव्हाची लोंबी, एकीवर कुठल्याशा राणीचं नाक तेवढं शिल्लक होतं. लोक त्याला नाणेवाला म्हणायचे, हे मला नंतर शिंपीकाकांकडून कळलं. काकांनी आणखीही बरंच सांगितलं. वय, सवयी, लग्न झालेलं नाही... त्यातलं मी काहीच विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी परत गेले. या वेळी दाव्यासाठी नव्हे.

“हे एकच आहे,” नाणं त्याच्या तळहातावर ठेवत मी म्हणाले. “बिघडलं तर दुसरं मिळणार नाही.”

बाबा तीस वर्षं फुटबॉलचे पंच होते. नोकरी शाळेत, पण जीव मैदानावर. त्यांच्या पहिल्या सामन्यात आयोजकांनी नाणेफेकीसाठी हे जुनं चांदीचं नाणं दिलं, आणि ते परत करायचं राहून गेलं. बाबांच्या आयुष्यातली ही एकमेव लबाडी. पुढे प्रत्येक सामन्याची नाणेफेक त्याच नाण्याने झाली. आता गुडघे बोलायला लागले म्हणून त्यांनी शिट्टी खाली ठेवली होती, आणि रविवारी क्लबात त्यांचा निरोपाचा कार्यक्रम होता. त्या दिवशी ते नाणं त्यांच्या बोटात असावं, असं माझ्या मनात होतं. बाबांना पत्ता नव्हता. शिट्टीच्या पिशवीतून मी ते चक्क उचललं होतं.

“म्हणजे वडिलांची लबाडी मुलीने चोरली,” नाणेवाला म्हणाला.

“तुम्ही अंगठी करा. वंशावळ नको.”

तो हसला आणि कामाला लागला. मी स्टूल ओढून बसले. दुसऱ्याच्या हातात आपला माल असताना मी उठून जात नाही, ही कामाची सवय. तिथे बसायला बरं वाटत होतं, हा वेगळा मुद्दा.

आधी त्याने नाण्याचा मध्य शोधला. चार वेळा मोजलं, चार वेळा फिरवून पाहिलं. “भोक केसभर सरकलं तरी अंगठी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक होते,” तो म्हणाला. मग पोलादी दट्ट्या ठेवून हातोड्याचा एकच घाव घातला. चांदीची छोटी टिकली खाली पडली. ती त्याने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

“हे कशाला?”

“तुमचंच आहे. कुणाचा कणही ठेवून घेत नाही मी.”

मग एक प्रश्न आला, ज्याचा मी विचारच केला नव्हता.

“कुठली बाजू बाहेर ठेवू? एक दिसेल. दुसरी आत जाईल.”

तीस वर्षं ज्या माणसाने दोन्ही बाजूंना सारखं मानलं, त्याच्या नाण्याची एक बाजू मी निवडायची.

“आत जाते ती लपत नाही हं,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “बोटाला तीच लागते. बाहेरची लोकांसाठी, आतली आपल्यासाठी.”

“मग आकडा बाहेर,” मी म्हणाले. “चेहरा आत.”

“कुणाचा चेहरा आपल्यापाशी ठेवावा, हे तुम्हाला बरं कळतं.”

“तुम्ही नाण्याकडे बघून बोला.”

त्याने नाण्याकडे बघितलं. कान मात्र लाल झाले होते. गॅसच्या ज्योतीमुळेही असतील.

चांदी दाबली की अकडते, हे मला त्या दिवशी कळलं. साच्यात ठेवून दाब दिला की नाण्याची आधी पसरट वाटी होते, मग खोल पेला होतो, मग काठ वळत वळत गोल कडं होतं. पण दर दाबानंतर तिला तापवून मऊ करावं लागतं. रंग नीट दिसावा म्हणून दिवा मालवायचा, मंद लाल दिसेपर्यंत ज्योत फिरवायची, मग पाण्यात सोडायची. न तापवता पुन्हा दाबलं, की तडा.

“म्हणजे रुसवा काढल्याशिवाय पुढे बोलायचं नाही,” मी म्हटलं.

“अनुभव दांडगा दिसतो.”

“रुसायचा आहे. काढायचा नाही.”

एकदा तापवून झालं. दुसऱ्यांदा झालं. नाण्याचा पेला झाला, काठावर आकडे गोल फिरायला लागले. मी इतकी वाकून बघत होते की माझी वेणी त्याच्या बाकावर आली. त्याने चिमट्याच्या टोकाने ती अलगद बाजूला सारली आणि म्हणाला, “इतकं निरखू नका. लाजून वाकडं होईल ते.”

मी हसले. चांगली खळखळून हसले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, स्वतःही हसला... आणि दाबयंत्राचा दांडा खाली ओढला.

टक्.

वाळलेली शेंग फुटावी तेवढाच आवाज. तो थांबला. साचा उघडला. काठापासून आत, तांदळाएवढा तडा गेला होता.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आता काय येणार, हे मला पाठ होतं. धातूच भेसळीचा, साचाच जुना, आधीपासूनच नाणं दुखावलेलं... पाच वर्षांत सगळे प्रकार ऐकले होते.

त्याने अंगठी दोघांच्या मधे ठेवली, तडा माझ्या बाजूला करून.

“चूक माझी,” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा तापवायचं राहिलं.”

मी तयारीत आणलेला राग एकदम कुठे ठेवावा, कळेना. डोळे भरून आले ते वेगळंच.

“का राहिलं?”

तो चिमटा पुसायला लागला.

“मी कारण विचारतेय.”

“ते... नंतर सांगितलं तर चालेल?”

मग त्याने उपाय सांगितला. तड्याची जागा बारीक करवतीने कापून काढायची, टोकं जुळवून चांदीने झाळून जोडायची. सांधा दिसणार नाही. पण अंगठी दोन मापांनी लहान होईल. बाबांच्या अनामिकेत जाणार नाही.

“ठीक आहे,” मी डोळे पुसत म्हणाले. “बाबांना सांगेन, तडा आधीपासूनच होता. इतकी वर्षं आपटलंय ते मैदानावर. पटेल त्यांना.”

“पण नव्हता.”

“तुमचं नाव वाचतंय त्यात.”

“वाचू दे की नको, ते मी बघतो. पण तडा नव्हता.” त्याचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. “शनिवारी अंगठी घेऊन मी येतो. त्यांना मीच सांगेन.”

दुसऱ्यांचे खोटे दावे फेटाळण्याचा पगार घेते मी. आणि माझा स्वतःचा पहिला खोटा दावा एका काजळी लागलेल्या माणसाने दोन शब्दांत फेटाळला होता. घरी जाताना वाटभर मला त्याचा संताप येत होता. दोन चौक ओलांडल्यावर लक्षात आलं की हा संताप नाही. पण म्हटलं, असू दे, चालताना बरा पडतो.

घरी बाबांनी शिट्टीची पिशवी उलटी करून ठेवली होती.

“नाणं कुठे गेलं गं? रविवारी खिशात असायला हवं.”

“तुमचंच कुठेतरी पडलं असेल,” आई म्हणाली. “चष्मा तरी रोज जागेवर असतो का तुमचा?”

तीन दिवस बाबा पलंगाखाली, कपाटामागे, जुन्या बुटांत शोधत होते. मी बरोबर टॉर्च धरून शोधत होते. याहून वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही.

शनिवारी दुपारी तो आला. काजळी धुतलेली, शर्ट इस्त्रीचा. आईने दार उघडलं आणि माझ्याकडे असं वळून पाहिलं, की मी लगेच कुठल्या तरी उशीचा अभ्रा नीट करायला लागले.

“काका, तुमचं नाणं माझ्याकडे होतं,” बसायच्याही आधी तो म्हणाला.

“माझ्यामुळे होतं, बाबा,” मी मधेच बोलले. “मी उचललं. तुम्हाला अंगठी करून द्यायची होती उद्यासाठी.”

बाबांनी आधी मला पाहिलं, मग त्याला. अंगठी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, फिरवून फिरवून पाहिली. तीस वर्षांचे ओरखडे तसेच होते.

अनामिकेत घालून पाहिली. मधल्या पेरापाशी अडकली.

“लहान झालीय.”

“माझ्या हातून तडा गेला,” नाणेवाला म्हणाला. “तेवढा भाग कापावा लागला. कापलेला तुकडा हा. तडा आधीपासून नव्हता, नाणं उत्तम होतं. तिसऱ्यांदा तापवायचं मी विसरलो.”

बाबांनी अंगठी काढली. त्यांचा अंगठा आतल्या चेहऱ्यावरून सावकाश फिरत होता. मला वाटलं, आता ते अंगठी टेबलावर ठेवून देतील आणि पुन्हा कधी हात लावणार नाहीत.

“तीस वर्षं पंच होतो मी,” बाबा म्हणाले. “पाय घातला असं स्वतःहून कबूल करणारे खेळाडू किती पाहिले असतील? दोन. त्यातला एक गोलरक्षक होता, त्याला नियम माहीत नव्हते.” मग त्यांनी नाणेवाल्यावर नजर रोखली. “पण विसरलात का? हात तर कसबी आहे.”

तो माझ्याकडे बघेना. उशीकडे बघत होता.

“त्या वेळी... या हसल्या.”

“हसली?”

“हो. आणि मग मला तापवायचं आठवलं नाही. काहीच आठवलं नाही, खरं म्हणजे.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि विनाकारण दोन भांडी वाजवून परत आली.

बाबांनी अंगठी करंगळीत सरकवली. अगदी नेमकी बसली. त्यांनी हात लांब धरून पाहिला, नाणेफेक करताना धरायचे तसा अंगठा वर करून.

“करंगळीत बरी,” ते म्हणाले. “शिट्टी धरताना अनामिकेत टोचली असती. आता शिट्टीही नाही म्हणा...” मग ते खाकरले. “उद्या पाच वाजता क्लबात. तुम्हीही या. पंचाने कार्ड खिशातच ठेवलंय, पण नजर आहे.”

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. पायऱ्या सोळा होत्या. आम्ही त्या चाळीस असल्यासारख्या उतरलो.

“रागावलात?” त्याने विचारलं.

“वडिलांसमोर कुणी असं बोलतं का?”

“त्यांनी कारण विचारलं.”

“मीही विचारलं होतं. तेव्हा नाही सांगितलंत.”

“तेव्हा तुम्ही रडत होतात. त्यात हे सांगितलं असतं, तर नुकसान कमी करायला बोलतोय असं वाटलं असतं तुम्हाला.” तो फाटकाची कडी उगाच वर-खाली करत होता. “उद्या... यायचं असेल तर कुणाचा कोण म्हणून येऊ? चारचौघं विचारतील.”

मी त्याच्या हाताखालून कडी काढून घेतली. तिचा आवाज फार होत होता.

“हे बघा,” मी म्हणाले, “चूक एकट्या तुमची नाही. मलाही एक कबूल करायचंय.”

“काय?”

“लाजून वाकडं होईल म्हणालात ना नाण्याबद्दल... त्यात हसण्यासारखं काहीही नव्हतं.”

त्याचे कान पुन्हा लाल झाले.

“फारच साधा विनोद होता,” मी म्हणाले. “मीच जास्त हसले.”