उपडा पेला

कानाचं मशीन बसवताना नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आता तुम्हाला सगळं ऐकू येईल." ही खुशखबर की धमकी, ते विचारायचं राहून गेलं. घरी आल्यावर कळलं. कुकरची शिट्टी, सागाच्या वाळक्या पानांची खसफस, माझ्याच चपलांची फटफट आणि आमच्या यशोदेची स्वगतं. माझी पाठ वळल्यावर ती काय बोलते, हे इतक्या वर्षांच्या संसारात मी प्रथमच ऐकत होतो. मी एका साप्ताहिकात लोकांची टिंगल करून जन्म काढला. घरात माझ्याहून सरस विनोदी लेखक राहतो याची मला कल्पनाच नव्हती.

अशाच एका दुपारी, ऑक्टोबरच्या उन्हात अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होतो. भिंतीपलीकडून बाईचं गाणं आलं.

आम्ही बोरगाव मेघेत राहतो. आमची आणि प्रेमदासची कंपाउंडची भिंत एकच. प्रेमदास बँकेतून निवृत्त झालेला, त्यामुळे आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी सारखेच रिकामे. गाणं त्याच्या ओसरीवरच्या टेपमधून येत होतं. पेटी, ढोलकी, टाळ्या, आणि त्या सगळ्यावर तो आवाज.

*वाच माझ्या लेकी, वेशीवरचं नाव*
*कोनं लिवलं आपलं, कोनतं आपलं गाव*

आवाज गोड नव्हता. कापसाच्या पऱ्हाटीसारखा होता, अंगाला लागला तर ओरखडा उठेल असा. आणि त्याच पऱ्हाटीवर बोंड फुटावं तसा 'लेकी' या शब्दाशी मऊ होत होता. आयुष्यभर नाट्यपदं ऐकून पोसलेला माझा कान. तो त्या भिंतीशी जाऊन उभा राहिला, त्याच्यामागोमाग मी.

"प्रेमदास, कोण हो गाते ही?"

"आई व्हय ना माही."

"कोणाची?"

"माही, मधूभाऊ. कमलाबाई. हितंच तं राहत होती, तुमच्या समोर. कढीपत्ता मांगाले येत होती तुमच्या घरी."

कढीपत्ता आठवला. बाई आठवेनात. फाटकावरून आत आलेला हिरव्या बांगड्यांचा एक हात तेवढा आठवला, त्याला चेहरा नव्हता.

"त्या गायच्या?"

"गाडीबैल जुपून येत होते लोक आयकाले." प्रेमदास हसला. "तुमीबी आयकलंच असन. तवा तं तुमी खिडकी लावून लाउडस्पीकरवर लेख लिवत होते."

मीही हसलो. हसण्याचाच धंदा होता माझा. पण मान खाली घालून हसायची ती पहिलीच वेळ.

टेप एकुलती एक होती. समुद्रपूरच्या कार्यक्रमात प्रेमदासनं स्वतः भरलेली, एकच गाणं. बाईंचा दुसरा आवाज जगात कुठे शिल्लक नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांचा स्मृतिदिन होता. त्या दिवशी सगळे जमून ही टेप ऐकायचे, वर्षातून तेवढंच. आज मशीन चालतं का ते बघायला लावली होती, एवढंच.

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा भाचा मिहिर पुण्याला जुन्या टेप उतरवून द्यायचंच काम करतो. त्याच्याकडून मोबाइलवर घेऊन देतो. टेपचा काय भरवसा? उद्या तुटली म्हणजे?"

बोलणं शहाणपणाचं होतं. मला टेप घरी न्यायची होती, हे त्यात कुठे दिसत नव्हतं.

प्रेमदासनं टेप डबीत घातली, पण लगेच हातात दिली नाही.

"एक आयका. गाणं झालं का टक् असा आवाज येईन. आई पानी पिऊन पेला उपडा ठेवत होती, पेटीपुढच्या पाटावर. म्हंजे झालं. पेला उपडा पडला का मंग कोनी वन्स मोर नाई म्हनत. मंत्री असो का संत्री. आमी घरातबी तवाच टेप बंद करतो. मांगं नाई फिरवत."

"आणि कोणी म्हटलंच वन्स मोर तर?"

"काऊन म्हनन? थकलं मानूस दिसत नाई का?"

मी गंभीर चेहरा केला. तो मी शोकसभांसाठी राखून ठेवलेला आहे.

आमच्या मागच्या खोलीत उन्हाळा संपल्यावर कूलर ठेवतो. त्याच्या शेजारी माझा जुना टेप होता. सोशालिस्ट चौकातल्या दुकानातून त्याला नवा पट्टा घालून आणला. यशोदा दुपारी आडवी झाली की मी दार लोटून बसायचो.

पहिल्या दिवशी गाणं पूर्ण ऐकलं. चारही अंतरे, शेवटी टाळ्या, आणि मग, टक्. स्टीलचा पेला लाकडावर. इतका स्वच्छ की पाट माझ्याच पुढ्यात असावा.

मला राहवलं नाही. मी घसा खाकरला. बोलण्यापूर्वी खाकरायची माझी सवय आहे, सभासंमेलनांतून लागलेली. आणि त्या रिकाम्या खोलीत, कूलरला साक्षी ठेवून, मोठ्यानं म्हणालो, "वन्स मोर!"

गंमत म्हणून. आणि बटण दाबून टेप मागे फिरवली.

या वयात माणूस प्रेमात पडला तर लोक वैद्याला बोलावतात, म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. पण दुसरा शब्द नाही. सकाळी दाढी करताना तो दुसरा अंतरा डोक्यात असायचा. त्यात आई लेकीला म्हणते, मला अक्षर येत नाही पण तुझ्या ओठांकडे बघून कळतं काय लिहिलंय. तिथे बाईंचा श्वास जरासा अडकायचा आणि माझाही. मग लाज वाटायची. हा आवाज एका भिंतीपलीकडे जिवंत होता, आणि मी त्याला कढीपत्ता दिला होता.

"दार लावून काय ऐकता?" यशोदेनं विचारलं.

"बातम्या."

"बातम्या ऐकून डोळे पुसणारे तुम्ही पहिलेच."

दुपारमागून दुपार मी ऐकत होतो. एकदा झालं की घसा खाकरायचा, "वन्स मोर" म्हणायचं, फिरवायचं. पुन्हा.

मग एका दुपारी टक् लवकर झालं.

चौथा अंतरा आलाच नाही. तिसऱ्यानंतर पेला ठेवल्याचा आवाज झाला. पेटी आणि ढोलकी मात्र चौथ्या अंतऱ्याच्या चालीवर पुढे वाजत राहिली, बाईंशिवाय. टाळ्याही नेहमीच्या जागीच पडल्या.

टेप झिजते, हे मला मान्य आहे. चुंबक, धूळ, जुना पट्टा, सगळं मान्य. मी अंधश्रद्धेवर विनोदी लेख लिहून बक्षीस घेतलेला माणूस आहे. पण झिजलेली टेप पेला आधी ठेवत नाही.

मी वन्स मोर म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दोनच अंतरे झाले. आणि त्यानंतर, पेल्याच्या आधी, बाई बोलल्या. हसत बोलल्या, थोडं धापा टाकत. "थांबा ना बापा. दम तं घेऊ द्या."

लोक हसले. टेपमधले लोक.

ती टेप मला श्वासासकट पाठ होती. हे वाक्य तिच्यात नव्हतं.

घाबरून मी मोबाइल टेपजवळ ठेवला आणि गाणं भरून घेतलं. निदान दिलेला शब्द पाळू, असं वाटलं. मग मोबाइल कानाला लावला. पंख्याची घरघर. बराच वेळ नुसती घरघर. मग कोणीतरी खाकरलं, आणि म्हणालं, "वन्स मोर."

ते मी पुसून टाकलं.

संध्याकाळी भिंतीवरून प्रेमदासनं विचारलं, "झालं का जी काम?"

"मिहिरला कामातून सवड नाही म्हणतो."

मिहिरनं सकाळीच गोव्याहून समुद्रात डुंबतानाचे फोटो पाठवले होते.

"मंग तशीच देऊन द्या. नंदिनी म्हनून राह्यली, आजीचं आयकून तयारी करतो."

नंदिनी म्हणजे त्याची मुलगी. गाणं शिकते. वेणी घालून स्कूटीवर जाताना मी तिला पाहायचो. आता तिचा गळाही ऐकू यायचा, भिंतीपलीकडून, रियाजाचा.

"उद्या देतो," मी म्हणालो. "शोधावी लागेल. यशोदेनं आवराआवर केलीय."

माझ्या मागे, ओट्याशी, यशोदा काहीतरी पुटपुटली. मशीनमुळे ते नीट ऐकू आलं. मी ते इथे लिहिणार नाही.

टेप माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

मला कळत होतं. लिहिताना उगाच साळसूदपणा नको म्हणून सांगतो: मला पूर्ण कळत होतं. बाई थकत होत्या आणि मी फिरवत होतो. दर दुपारी ठरवायचो, आज नाही. आणि दर दुपारी वाटायचं, एकदा 'लेकी' ऐकू, तेवढाच शब्द.

शेवटच्या दुपारी बाई मुखड्यालाच थांबल्या. "बापा," त्या म्हणाल्या. या वेळी हसल्या नाहीत. टेपमधले लोकही हसले नाहीत.

टक्.

पेटी एकटी वाजत राहिली.

मी घसा खाकरला.

त्यानंतर टेपवर पेला आधी आला. गाणं आलं नाही.

स्मृतिदिनाच्या सकाळी मी टेप परत दिली. "आवाज जरा कमी झालाय," म्हणालो. प्रेमदासनं माझ्याकडे पाहिलं. "जुनीच हाय जी," तो म्हणाला, आणि वर मलाच थँक्यू म्हणाला.

पाच वाजता त्यांच्या अंगणात मांडव होता. कमलाबाईंच्या फोटोपुढे मेणबत्त्या. फोटोत हिरव्या बांगड्या होत्या, आणि चेहराही होता. पोहे-तर्रीचा वास सुटला होता. समुद्रपूरहून भागीरथाबाई आल्या होत्या. कमलाबाईंच्या मागे बसून कोरस धरायच्या त्या, आता काठी घेऊन खुर्चीत. पुढे सतरंजीवर पेटी, पेटीपुढे तोच पाट, आणि पेटीवर नंदिनी. बाजूच्या टेबलावर टेप.

प्रेमदासनं बटण दाबलं.

टक्.

पेटी सुरू झाली, ढोलकी सुरू झाली. सगळे पुढे झुकले. मुखडा आला आणि गेला. नुसती चाल.

"अव माय," भागीरथाबाई म्हणाल्या. "मी हावो, ढोलकी हाय. कमल कुठी गेली?"

टेपमध्ये टाळ्या पडल्या. मग घसा खाकरल्याचा आवाज आला. पुरुषाचा.

"वन्स मोर."

"हा कोन बाप्या व्हय?" भागीरथाबाईंनी विचारलं. "आपल्या मंडपात असा कोनी नव्हता."

मी पोह्याच्या बशीकडे पाहत होतो. मग कानातलं मशीन काढलं आणि खिशात ठेवलं. मला ऐकायचं नव्हतं. यशोदा माझ्याकडे पाहत होती.

प्रेमदास टेपवर वाकला. एक थाप मारली, दुसरी मारली. मग भिंतीतून वायर उपटून हातात धरून उभा राहिला, साठीचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा. त्याच्या आईचा आवाज जगात कुठेच नव्हता आता. त्याला वाटत होतं, टेप त्यानंच नीट जपली नाही.

मी बोलायला हवं होतं.

नंदिनीचे ओठ हलले. बहुतेक म्हणाली, राहू द्या बाबा, मी म्हणतो गाणं. तिनं भाता ओढला.

मशीन माझ्या खिशात होतं. मला ढोल वाजला तरी ऐकू येत नाही त्याशिवाय. पण नंदिनी गायला लागली आणि मला सगळं ऐकू आलं. पऱ्हाटी, ओरखडा, दुसऱ्या अंतऱ्यातला तो अडकणारा श्वास. आणि 'लेकी'.

भागीरथाबाई रडत होत्या. प्रेमदास वायर धरून रडत होता.

गाणं संपलं. मी दात घट्ट मिटले. वरून तळहात दाबला तोंडावर.

"वन्स मोर."

टेबलावरून आलं. वायर प्रेमदासच्या हातात होती.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रेमदास डोळे पुसत हसला. त्याचे ओठ वाचता आले मला: घे नंदे, मधूभाऊले पटलं!

माझं तोंड अजून हाताखाली होतं.

नंदिनीनं मला हात जोडले. केवढी खूश झाली होती पोरगी. तिनं पुन्हा मुखडा धरला.

मी उठून बस म्हणू शकलो असतो. दोन अक्षरं. पण बस म्हटलं की का, ते सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगू? मला पुन्हा ऐकायचं होतं.

दुसऱ्यांदा संपलं. पुन्हा तो आवाज. पुन्हा सगळ्यांचं कौतुकानं माझ्याकडे बघणं. तिसऱ्यांदा तिचा आवाज वरच्या सुरावर जरा चिरकला. ती हसली आणि म्हणाली, "थांबा ना काका. दम तं घेऊ द्या."

लोक हसले.

तिनं पाण्यासाठी हात पुढे केला. मी पाटाकडे पाहिलं. पेला नव्हता. प्लास्टिकची बाटली होती, विकतची. ती दोन घोट प्याली, झाकण लावलं, आणि बाटली पाटावर ठेवली. सरळ.

टक् झालं नाही.

टेबलावर कोणीतरी घसा खाकरला.