नवव्या मजल्यावरची भेग

शलाका वानखडेला दोन गोष्टी कळत नव्हत्या. रोज दोनदा पाणी घालूनही तिची वांग्याची रोपं माना का टाकत होती? आणि बाल्कनीच्या फरशीवर, भिंतीलगत उमटलेली ती भेग रोज का रुंदावत होती?

पहिली गोष्ट तिने घरात सगळ्यांना सांगितली होती. दुसरी कुणालाच नाही. भेगेवर तिने एक चटई अंथरली होती. अमरावतीचा उन्हाळा पन्नास अंशांवर जाऊ लागल्यापासून बाजारात ताजी भाजी क्वचितच यायची, आणि नवव्या मजल्यावरची तिची बाग सगळ्या इमारतीत नावाजलेली होती. भेग दिसली की बाग जाणार, एवढंच तिला कळत होतं.

त्या सकाळी आईबाबा कामावर गेल्यावर तिने हळूच चटई उचलली. काल भेगेत नख जात होतं. आज बोट गेलं.

पलीकडे कठड्याजवळ आजोबा खुर्चीत वाचत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी भौतिकशास्त्र शिकवलं होतं. त्यांच्या शेजारी, कठड्याला लागून, वांगी लावलेली, काळ्या मातीने भरलेली, अर्धी कापलेली आठ पिंपं रांगेत होती.

इतक्यात कठड्यावरून टिटवीचं डोकं वर आलं. टिटवी म्हणजे इमारतींच्या भिंतींवर चढून तपासणी करणारा यंत्रमानव.

"बाल्कनीचं टोक दोन सेंटिमीटर खाली गेलं आहे," ती शांत आवाजात म्हणाली. "अजून जातं आहे. खालच्या लोकांना मी सावध केलं आहे. आजोबा, सावकाश उठा. पिंपांना हात लावू नका."

शलाका आजोबांकडे धावणार, तोच टिटवी म्हणाली, "तू आत जा. तुझंही वजन तिथे नको."

आजोबांचे गुडघे दुखरे होते. उठायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा. शलाका दाराच्या आत उभी राहून त्यांच्याकडे हात पसरून होती. एक पाऊल. खालून करकर असा आवाज आला. आजोबा थांबले. चेहरा पांढरा पडला होता, पण नजर तिच्यावरच होती. दुसरं पाऊल, तिसरं. चौथ्याला तिच्या हातात त्यांचा हात आला आणि तिने त्यांना आत ओढलं.

"आजोबा, मला माहीत होतं," ती हुंदके देत म्हणाली. "आठ दिवसांपासून माहीत होतं. मी चटई टाकली."

आजोबांनी तिचा हात सोडला नाही.

"पिंपांची भोकं कुठे आहेत?" टिटवीने विचारलं.

"मी बुजवली," शलाका म्हणाली. "पाणी खालच्या गवईकाकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं."

टिटवीने बाहेरूनच एकेक बूच ओढून काढलं. आंबूस वासाचं काळं पाणी धो धो वाहू लागलं. करकर थांबली.

मग आजोबांनी टेबलाच्या कडेबाहेर एक पट्टी अर्धी काढली आणि तिचं आतलं टोक हाताने दाबून धरलं. "आपली बाल्कनी अशी आहे. कँटिलिव्हर (एकाच बाजूने धरलेला, दुसरीकडे अधांतरी असलेला भाग). आता खोडरबर ठेव. आधी टेबलाजवळ, मग टोकाला."

टोकाला ठेवल्यावर पट्टी जास्त वाकली.

"खोडरबर तोच," शलाका म्हणाली.

"पण भुजा (आधारापासून वजनापर्यंतचं अंतर) वाढली. अंतर दुप्पट, तर वाकवणारा जोरही दुप्पट. आपण सगळी पिंपं टोकाला ठेवली. साचलेल्या पाण्याने जड झालेल्या मातीची आठ पिंपं म्हणजे चौदाशे किलो. एक मोटारगाडीच."

"म्हणून भेग भिंतीजवळ पडली?"

"हो. टोक खाली वाकतं तेव्हा तिथला वरचा पृष्ठभाग ताणला जातो. काँक्रीट दाब सोसतं, ताण नाही."

"आणि वांगी?"

"मातीच्या कणांमध्ये हवा असते. मुळं ती घेतात. पाणी साचलं की हवेला जागाच उरत नाही. तुझी रोपं तहानली नव्हती, गुदमरली होती."

म्हणजे दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच होतं. अडलेलं पाणी.

पुढचे तीन महिने बाल्कनी लोखंडी टेकूंवर उभी होती. दुरुस्तीनंतर अभियंत्यांनी किती वजन चालेल ते लिहून दिलं. शलाकाने नारळाचा भुसा, शेणखत आणि भाताची तुसं यांचं हलकं मिश्रण लहान कुंड्यांत भरलं. प्रत्येक कुंडीला भोक, खाली ताटली, आणि सगळ्या कुंड्या भिंतीलगत.

इमारतीच्या सभेत तिला बागेबद्दल बोलायला बोलावलं. ती उभी राहिली.

"भेग मला दिसली होती," ती म्हणाली. "मी ती लपवली. आजोबा त्या दिवशी तिथेच बसले होते."

मग मागच्या रांगेतून चौथ्या मजल्यावरचे मेश्राम काका हळूच उठले.

"आमच्याकडेही एक आहे," ते म्हणाले. "मार्चपासून."

त्यांच्यानंतर आणखी दोघं उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी चौथ्या मजल्यावर पोचली, तेव्हा शलाका मेश्राम काकांच्या दारात आधीच उभी होती.