थांबसंकेत

सिरांदा बेटावर सकाळी बोटी परतल्या की बायका आधी मासळी बघत नाहीत, जाळं बघतात. जाळ्यात दर हातभर अंतरावर ओवलेला साक्षीधागा पांढरा आहे ना, एवढं पाहायचं आणि मग सुरमईच्या भावावरून भांडायला मोकळं व्हायचं. अण्वस्त्रातल्या प्लुटोनियममधून न्यूट्रॉन नावाचे कण सतत बाहेर पडत असतात. ते लागले की हा धागा जांभळा पडतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. पाणी हे कण चटकन गिळून टाकतं, त्यामुळे धागा शस्त्राला अगदी चिकटावा लागतो. म्हणून तर तो जाळ्यात ओवलेला.

ऊसतोडीसाठी रत्नागिरीकडून आलेल्या माणसांची पणतवंडं इथे राहतात. त्यातली निम्मी उसाला कंटाळून समुद्रावर गेली. हे बेट म्हणजेच सगळा देश. त्याला ना सैन्य, ना आरमार. अण्वस्त्रबंदीच्या पाठीराख्यांत सिरांदा पहिल्यापासून होता आणि मोठे देश त्याचं कौतुक करायचे, पाहुण्यांसमोर कविता म्हणणाऱ्या पोराचं करतात तसं. मग विद्यापीठातल्या ओडिलबाईंनी हा धागा बनवला आणि सिरांदाने प्रस्ताव मांडला, की जगातल्या प्रत्येक कोळ्याच्या जाळ्यात तो ओवावा. समुद्रात लपवलेलं शस्त्र मग कोणी ना कोणी पाहीलच. तेव्हा कौतुक एकदम थांबलं. त्या प्रस्तावावर आज दुपारी परदेशात मतदान होतं.

आणि आज सकाळी बाळाजी सखारामच्या जाळ्याचा धागा जांभळा होऊन आला.

नुसता धागा नाही, त्याला जांभळा करणारी वस्तूही आली. धागा रंगला तर जाळं कापायचं, जागेची खूण करायची आणि परत फिरायचं, असं ओडिलबाईंनी प्रत्येक कोळ्याला बजावलं होतं. पण त्याहून जुना एक रिवाज होता. जाळ्यात जे येईल ते सगळ्या गावाला दाखवायचं, एकट्याने गुपचूप समुद्रात सोडायचं नाही. बाळाजी साठीचा. त्याने रिवाज पाळला. ओंडक्याएवढी ती काळी वस्तू त्याने बोटीमागून ओढत आणली आणि चारचौघांना हाताशी धरून मासळीबाजाराच्या ओट्यावर चढवली. वर त्याला वाटलं की लेक शाबासकी देईल.

लेक म्हणजे मालिनी, देशाची परराष्ट्रमंत्री. तिचं खातं म्हणजे ती, दोन कारकून आणि एक गळका पंखा. ती धावत बाजारात आली तेव्हा ओडिलबाई त्या वस्तूपासून दहा पावलांवर उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाणतीर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पाण्याखालून जाणारा, बिनमाणसाचा. पोटात अण्वस्त्र, डोक्यात स्वतःचा मेंदू. आपल्या खडकाआड लपून राहिला होता, कारण इथे कोण शोधणार?"

"फुटेल?"

"मला माहीत नाही, मालिनी. आतून टिकटिक येतेय."

बेटावरून पळून जायला जागा नव्हती, होड्या होत्या त्या शेकडाभर आणि माणसं अकरा हजार. त्यात तिचे बाबा त्या ओट्यालाच टेकून बसले होते आणि उठायला तयार नव्हते.

"बाबा, लांब या."

"मी आणलंय ते. सगळे जाऊ देत, मग बघू."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. एका बड्या देशाचे राजदूत बोलत होते. त्यांची भाषा दुभाष्या यंत्रातून मराठीत येत होती, साखर घातल्यासारखी गोड आणि एकसुरी. बाजारात काय पडलंय हे त्यांना आकाशातून दिसलं होतं.

"मंत्रीमहोदया, ही वस्तू आमची नाही," यंत्र म्हणालं. "पण तिच्याबद्दल आम्हाला थोडी माहिती आहे. तुम्ही एकट्याच आहात ना?"

सिरांदाच्या बाजारात कानात बोललेला सौदा कोणी मानत नाही. भाव भोंग्यावर बोलायचा, चारी दिशांना ऐकू गेला पाहिजे. मालिनी याच बाजारात वाढलेली. तिने काही विचार केला असं नाही, हात सवयीने लिलावाच्या भोंग्याकडे गेला आणि तिने फोन त्याला जोडला.

"बोला," ती म्हणाली.

"अशा पाणतीराला रोज एक थांबसंकेत पाठवला जातो," राजदूतांचा आवाज ओट्याओट्यांवरून घुमला. "पाण्यातून जाणारा आवाज असतो तो. उघड्यावर पाणतीराला ऐकू येत नाही. संकेत मिळाला नाही तर पुढचं तो स्वतःच ठरवतो. आणि आता पुन्हा हलवलात तर हल्ला समजेल. मात्र त्याला निजवणारा दुसरा संकेत आहे. तो आम्ही तुम्हाला देऊ शकतो. तुमचा प्रस्ताव मागे घ्या, बंदीला दिलेला पाठिंबाही. आणि आज सकाळी काही सापडलं नाही."

बायकांनी पोरं कडेवर उचलली. माशांवरचा बर्फ वितळून गटारात पडत होता.

"मालू," बाळाजी म्हणाला, "माझ्यासाठी काही सोडू नकोस."

मालिनीने त्याच्याकडे पाहिलं. मग कडेवर पोर घेतलेल्या बायकांकडे पाहिलं. बंदीसाठी तिने केलेली भाषणं तिला आठवली, आणि त्यातलं एकही वाक्य या क्षणी उपयोगाचं नव्हतं. तिला भयंकर भीती वाटत होती आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

"घेतला मागे," ती म्हणाली. ओडिलबाईंनी तिचा दंड धरला, तिने तो सोडवला. "प्रस्ताव, पाठिंबा, सगळं. मतदानाला गेलेल्या आमच्या प्रतिनिधीला आत्ता फोन करते. आधी संकेत सांगा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"साहेब, संकेत."

"आधी तुमच्या प्रतिनिधीने जाहीर करू द्या."

"अकरा हजार माणसं ऐकताहेत. तुम्ही भोंग्यावर आहात. इथे दिलेला शब्द फिरत नाही. सांगा."

पलीकडे कुजबुज झाली, कुणीतरी कुणावर तरी ओरडलं. दुभाष्या यंत्राने तेही इमानदारीने मराठीत आणलं, त्याला काय कळतंय. "तिला काय सांगू? आपल्याकडे आहेच काय?" मग यंत्र बंद झालं आणि राजदूतांचा खरा आवाज आला, तुटक्या, अडखळत्या मराठीत. माणूस ही भाषा थोडी शिकलेला होता तर.

"बाई, संकेत नाही. गेल्या वर्षी त्याचा संपर्क तुटला. निजवायचा संकेत त्याने स्वतः बदलला. आम्ही समजलो, तो बुडाला. तेव्हापासून त्याला आम्ही काही पाठवलं नाही. रोजचा थांबसंकेतही नाही. माफ करा."

मालिनी जाऊन बाबांच्या शेजारी ओट्याला टेकली. ओट्यावरची टिकटिक चालूच होती.

बाळाजीने वळून त्या काळ्या अंगाकडे पाहिलं. त्यावर तळहात टेकला, आणि मग त्याने भोंग्याला विचारलं, "मग वर्षभर त्याला रोज थांब म्हणत होतं कोण?"