बाजार कुणी रंगवला?

दार उघडंच होतं.

किल्ली तिच्या हातात तशीच राहिली. शाळेच्या मागे, सायकलींच्या शेडला लागून असलेली ही खोली कागदोपत्री कुणाचीच नव्हती; पण तीन वर्षं ती तिथे सहावीच्या मुलांना फ्रेंच शिकवत होती, म्हणून तिची. आत खोक्यांचा बाजार होता, मुलांनी महिनाभर खपून केलेला. आणि त्या बाजारासमोर एक उंच, अनोळखी माणूस कानामागे ब्रश खोचून, स्वतःवरच खूश होऊन उभा होता.

बाजार ओळखू येत नव्हता. काल चेपलेली सफरचंदं आज गोल गरगरीत झाली होती. पावांवर कोवळं ऊन पडलं होतं. पाट्यांवरची अक्षरं अशी सुबक, की जणू छापखान्यातून आली आहेत.

"तुम्हीच फ्रेंचच्या बाई ना?" तो हसला. हसू चांगलं होतं हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचाही तिला राग आला. "मी चित्रकलेचा नवा मास्तर. सोमवारीच आलो. उद्या मुख्याध्यापक तुमचा तास बघायला येणार असं ऐकलं... म्हटलं, जरा हात फिरवावा. काल संध्याकाळीच बसलो."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. तीच तर गंमत—"

"गंमत," ती म्हणाली. स्टाफरूममध्ये तिला 'तिखटबाई' उगाच म्हणत नसत. "या वर्गात कुणी पुस्तकातून शब्द पाठ करत नाही, सर. ज्याने जी वस्तू काढली, ती त्याची. तिचा शब्दही त्याचा, पाटी त्याच्या अक्षरात. दुसऱ्या कुणाला ती हवी असेल तर त्याने दुकानात जाऊन फ्रेंचमध्ये मागायची आणि मालकाने फ्रेंचमध्येच उत्तर द्यायचं. तुम्ही एका संध्याकाळीत बत्तीस मालकांना रस्त्यावर आणलंत."

"पण तो मासा... माशासारखा दिसतच नव्हता हो."

"म्हणून तर त्याच्यावरून रोज भांडण व्हायचं. आणि भांडण फ्रेंचमध्ये व्हायचं."

तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात मुलं आली. एरवी ही पोरं खोलीत शिरायची ती कावळ्यांची शाळा भरल्यासारखी. आज दारातच थबकली. मासेवाली – दोन वेण्यांची, नाकावर सतत रंग लागलेली मुलगी – आपल्या दुकानापाशी गेली, माशाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं.

"हा माझा नाही," ती म्हणाली. आणि जाऊन भिंतीशी बसली.

मास्तरांचा चेहरा उतरला. उतरायलाच हवा होता! उद्याच्या तासावर सगळं होतं. मुख्याध्यापकांनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं: नाटकं पुरे, मुलांना भाषा येते असं दिसलं तर ठीक, नाहीतर हा तास बंद आणि खोलीत मोडके बाक ठेवू. भाषा म्हणजे त्यांच्या मते पुस्तकाच्या मागची शब्दांची यादी. ती घोकून वर्षानुवर्षं मुलं पास होत होती आणि एकालाही परक्या गावात साधा रस्ता विचारता येत नव्हता. याचा संताप कुणालाच कसा येत नाही, याचाच तिला संताप यायचा.

मास्तर तडक बाहेर गेला. पळाला, असं तिला वाटलं. दहा मिनिटांत तो पांढऱ्या रंगाचा डबा आणि भिंती रंगवायचा रुंद ब्रश घेऊन परत आला, आणि पहिला फटका त्याने स्वतःच्याच माशावर मारला. तो मासा सुंदर होता. खवल्यान् खवला चमकत होता. एका फटक्यासरशी गेला.

"सगळं पांढरं करतो," तो मुलांना म्हणाला. "चूक माझी आहे. मला माफ करा, आणि... लागा कामाला."

दिवसभर तो फरशीवर बसून ब्रश धूत होता, रंग कालवून देत होता. स्वतःचे दोन तासही त्याने इथेच आणून ओतले. मासेवालीने विचारलं, "सर, शेपटी अशी?" तर त्याने दोन्ही हात खिशात कोंबले. "मला काय विचारतेस? मालक तू."

ते ऐकून बाईंनी घाईघाईने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सायकलींखेरीज पाहण्यासारखं काही नव्हतं.

शाळा सुटताना तो म्हणाला, "तुम्ही रागावलात ना, की—"

"छान दिसता असं म्हणालात तर हा डबा तुमच्या डोक्यावर ओतीन."

"छे हो. भयंकर दिसता. मी तेच सांगणार होतो." तो जरासा घुटमळला. "पण इतक्या जिवाच्या आकांताने शाळेत कुणाला रागावताना मी पाहिलं नव्हतं... आम्ही सगळे नुसते कंटाळतो."

संध्याकाळी घरी जेवताना तिची ताई ऐकत होती. भावजी बातम्या बघत होते आणि त्यांचेही कान इकडेच होते. शेवटी ताई म्हणाली, "आत्तापर्यंत त्या माणसाला तू पाच वेळा शिव्या घातल्यास."

"लायकीच आहे त्याची."

"असेल. पण लायकी असलेल्याला आपण एकदा शिवी घालतो आणि भाजी वाढून घेतो. तुझी भाजी गार झाली बघ."

शुक्रवारी मुख्याध्यापक आले, खुर्ची मागवून मध्ये बसले. बाजार वाकडा, रंगीत, गोंगाटाने भरलेला. मुलं एकमेकांना चुकीच्या फ्रेंचमध्ये बिनधास्त फसवत होती. सफरचंदवाल्याने टोपीवालीशी घातलेला वाद असा रंगला, की बाईंना हसू आवरेना. सकाळपासून मुलांचे ब्रश धुऊन रंगलेला मास्तर भिंतीला टेकून, ओठ दाबून बघत होता.

"व्याकरण कच्चं आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "आम्ही पाच वर्षं फ्रेंच शिकलो. ब्याण्णव मार्क होते मला."

हे ऐकताच मासेवाली आदराने त्यांच्यासमोर गेली. तिने वाकून 'बाँजूर' केलं आणि फ्रेंचमध्ये विचारलं, साहेबांना काय हवं?

मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. खिशातून रुमाल काढला. मुलीने पुन्हा विचारलं – सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. ब्याण्णवातला एकही मार्क मदतीला आला नाही. बत्तीस मुलं वाट पाहत होती, कुणीही हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं असणार.

मोठ्या माणसाची फजिती झाली की तो शिकत नाही, चिडतो. ते उठले. "पोरखेळ आहे हा. सोमवारपासून तास बंद. पुस्तक उघडा." मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "परवा खिडकीतून तुमचा बाजार पाहिला होता. तो काय देखणा होता! स्नेहसंमेलनाला तसाच करून द्या."

ज्याने नोकरी जाईल असं काहीतरी ती बोलणार होती. त्याच्या आधी मास्तर बोलला.

"नाही करणार, सर. तो बाजार मुका होता."

"म्हणजे?"

"म्हणजे माझी चूक होती. आता माझं ऐका. सहावीला आठवड्यात चित्रकलेचे दोन तास आहेत. काय काढायचं ते मी ठरवतो. मुलं बाजार काढतील. काढताना कुठल्या भाषेत बोलायचं, ते वेळापत्रकात लिहिलेलं नाही. बाईंना त्या वेळी तास नसतो, मी पाहिलंय. खोलीत बाक ठेवायचे असतील तर ठेवा, आम्ही बाकांवर बसू."

मुख्याध्यापकांनी रुमाल खिशात कोंबला. "निकाल घसरला तर जबाबदार तुम्ही दोघं," एवढं बोलून ते निघून गेले. मुलांनी तोवर आरडाओरडा सुरू केला होता, तोही फ्रेंचमध्ये.

खोली रिकामी झाल्यावर ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मला न विचारता तुम्ही तुमचे तास देऊन टाकलेत."

"हो."

"माझ्या वतीने बोललात. मला बोलता येतं."

"येतं. पण तुम्ही बोलला असता तर सोमवारी इथे नसता. आणि मला..." त्याने हातातला ओला ब्रश उगाचच पुसला. "मला तुम्ही इथे हव्या आहात. तासासाठी नाही फक्त. आता ओता डबा."

तिने डब्याकडे पाहिलंही नाही. कान तापले होते. दोन दिवसांचा सगळा राग आता कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"तुम्ही फार वाईट माणूस आहात," ती म्हणाली. "आल्या आल्या माझा बाजार बिघडवलात. माझी झोप बिघडवलीत. ताईसमोर माझी भाजी गार झाली. आणि आता मला आवडायला लागला आहात – मला न विचारता, तेही."

"मग... विचारू का आता?"

"आता काय उपयोग?" ती रागानेच म्हणाली, आणि त्याचा रंगाने माखलेला हात तिने घट्ट धरला.