उंबरजे किराणाची गंधखूण

उंदरासमोर चार कप्पे होते आणि चारही कप्प्यांत एकाच पोत्यातली ज्वारी होती. तरी तो तिसऱ्याच कप्प्यात शिरला. डॉ. रेवती हुद्देदारांनी कप्प्यांच्या जागा बदलल्या. उंदीर क्षणभर घुटमळला, मिशा हलवल्या आणि आता कोपऱ्यात गेलेला तोच कप्पा शोधून त्यात जाऊन बसला.

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या त्या गंधप्रयोगशाळेत त्या दिवशी एक पाहुणा होता. शिवलिंग उंबरजे. कन्ना चौकामागच्या गल्लीत त्यांचं किराणा दुकान होतं आणि शहरातल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या संघाचे ते खजिनदार होते. काचेवर नाक टेकवून ते उंदराकडे बघत होते.

"त्याला वास येत असणार," ते म्हणाले.

"येतो, पण येतोय हे त्याला कळत नाही," रेवती म्हणाली. "त्या कप्प्यात आम्ही एक गंध सोडलाय. इतका विरळ, की नाकाला पत्ता लागत नाही, पण मेंदूत नोंद होते. पहिले काही दिवस त्याला तिथं खायला मिळालं, तेव्हा नेमक्या त्याच क्षणी तो गंध होता. आता समाधान आणि गंध यांची मेंदूत गाठ बसली आहे. गंध असला की ती जागा त्याला आपली वाटते. याला आम्ही गंधखूण म्हणतो."

उंबरजे प्रयोगशाळेत आले होते त्याला कारण होतं. मोठ्या कंपनीच्या उडत्या पेट्या माल थेट गच्चीवर उतरवू लागल्यापासून गल्लीतली दुकानं ओस पडायला लागली होती. संघानं गिऱ्हाईक टिकवायचे सगळे उपाय करून पाहिले होते. दर खरेदीला शिक्का मारायची कार्डं काढली, वाढदिवसाला संदेश पाठवले, दिवाळीला उटणं वाटलं. पण जो उपाय एकानं करावा तो आठवड्यात सगळ्यांनी उचलावा, आणि कंपनीनं त्याच्या दुप्पट करावा, असं चाललं होतं. गंधखुणेचं तसं नव्हतं. ती प्रत्येक दुकानाची वेगळी करता येत होती आणि एकाची दुसऱ्याला उचलता येत नव्हती.

रेवतीचे सहकारी, मज्जाशास्त्रज्ञ डॉ. इरफान मुजावर, यांना मात्र ही गोष्ट सरळ वाटत नव्हती. उंबरज्यांच्या समोरच ते म्हणाले की, माणसाला न सांगता त्याच्या मेंदूत गाठ बांधणं ही एक प्रकारची फसवणूकच झाली.

"फसवणूक केली तर गाठ सुटते," रेवती म्हणाली. "गंध आहे आणि समाधान नाही, असं पाचदहा वेळा झालं की मेंदू ती खूण पुसून टाकतो. वजनात मारणाऱ्याला, तुसडेपणानं बोलणाऱ्याला ही खूण तारणार नाही. चांगल्या दुकानाचा चांगुलपणा लक्षात ठेवायला मदत करते, एवढंच."

"आणि थोडं कमीजास्त झालं तर?"

"तर शंकेचा फायदा दुकानाला मिळतो. तेवढा तर ओळखीच्या दुकानदाराला आपण एरवीही देतोच."

उंबरज्यांनी आपलं दुकान पहिल्या चाचणीसाठी देऊ केलं.

साबणाच्या वडीएवढी एक डबी उंबरज्यांच्या तराजूमागे बसवली गेली. गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी पडली की ती एक अदृश्य फवारा सोडत असे. त्यातला थोडा पिशवीवरही बसे. तसा दुकानाबाहेर गंधखुणेची माहिती देणारा फलक होता, सरकारी नियमाप्रमाणे, पण तो कुणी वाचल्याचं दिसलं नाही. प्रमाण जुळवण्यासाठी रेवती स्वतः कित्येक दिवस त्या दुकानात पोत्यावर बसून राहिली. एखादं गिऱ्हाईक परत आलं की तिला मनापासून आनंद होई. उडत्या पेट्यांकडे गेलेली माणसं हळूहळू गल्लीत दिसू लागली. का आलात असं विचारलं, तर "इथलं बरं असतं" यापलीकडे कुणाला काही सांगता येत नव्हतं.

दीड वर्षात शहरातल्या तीनेकशे दुकानांनी गंधखूण घेतली. शिंपी, पुस्तकवाले, चष्मेवाले, चटणी विकणाऱ्या बायका, सगळ्यांनी. प्रत्येक खूण रेवतीनं स्वतः मिसळली आणि प्रत्येक दुकानात बसून पारखली. संघानं तिचा सत्कार केला. उंबरज्यांनी भाषणात सांगितलं की, आता मी मेलो तरी माझं दुकान चालेल. लोक हसले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात उंबरज्यांची बायको महानंदा प्रयोगशाळेत आली. दाराशी चपला काढून ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि पाणीसुद्धा न पिता बोलायला लागली. तिची मुलगी पुण्याला होती. सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. नातू अजून दवाखान्यात, काचेच्या पेटीत होता. मुलीला आईवडील दोघंही जवळ हवे होते. उंबरजे गेले खरे, पण नातवाला काचेतून बघून संध्याकाळच्या गाडीनं परत आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा वाटेतून, टेंभुर्णीवरूनच माघारी फिरले.

"पूर्वी सोमवारी दुकान बंद ठेवायचे," महानंदा म्हणाली. "आता सोमवारी पण जायलेत. शटर अर्धं ओढून आत बसायलेत. मी विचारलं, तर म्हणतात, बाहेर जीव घाबरा होतो. बाई, ते असे नव्हते. पोरीच्या लग्नात महिनाभर दुकानाकडं फिरकले नव्हते. तुमच्या त्या डबीनं काही केलंय का त्यांना?"

रेवतीनं आधी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग तिनं इरफानना बोलावलं.

महानंदा गेल्यावर दोघं कागद घेऊन बसले. हिशोब इतका साधा होता की तो आधी सुचला नाही याचीच दोघांना लाज वाटत होती. गिऱ्हाइकाला दुकानात समाधानाचा क्षण मिळतो आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. दुकानदाराला तो प्रत्येक विक्रीला मिळतो. दिवसभर, रोज, आणि दर वेळी डबी त्याच्या हाताशीच फवारा सोडत असते. सगळ्या शहरात उंबरजे किराणाशी सर्वांत घट्ट बांधलं गेलेलं गिऱ्हाईक म्हणजे स्वतः उंबरजे होते.

ते दोघं त्यांना भेटायला गेले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. उंबरज्यांनी ऐकून घेतलं. मध्ये एका मुलीला साखर बांधून दिली.

"म्हणजे माझा दुकानात जीव आहे, तो खोटा?" त्यांनी विचारलं.

"खोटा नाही," इरफान म्हणाले. "पण त्यात मूळचा किती आणि आम्ही वाढवलेला किती, हे आता आम्हाला वेगळं करून दाखवता येणार नाही."

उपाय दोनच होते. एक तर गंध चालू ठेवून समाधान बंद करायचं, म्हणजे गिऱ्हाइकांना हाकलायचं. ते उंबरज्यांच्यानं झालं नसतं. दुसरा उपाय म्हणजे या गंधापासून चारसहा महिने लांब राहायचं आणि पहिले काही दिवस जिवाची तगमग सोसायची. मुलगी पुण्यात वाट बघत होती. उंबरज्यांनी दुसरा उपाय पत्करला. मुलगा नाही, पुतणे नोकरीला. मागे दुकान बघणारं कुणी नव्हतं म्हणून ते विकायला काढलं.

ते घेतलं त्या उडत्या पेट्यांच्या कंपनीनं. कंपनीची एकच अट होती. माल, फर्निचर, पाटी यांच्यासोबत गंधखूणही मिळाली पाहिजे. खुणेची कृती रेवतीच्या ताब्यात होती आणि तिला ती अडवता आली असती. तिनं अडवली नाही. तिला खात्री होती की तीस वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस उठून गेला की लोक महिन्याभरात पाठ फिरवतील आणि कंपनीला चांगला धडा मिळेल. इरफानना तिनं तसं बोलूनही दाखवलं.

उंबरजे पुण्याला गेले. पहिले पंधरा दिवस महानंदा रोज फोन करून सांगत होती की ते जेवत नाहीत, गॅलरीत येरझारा घालतात, रात्री उठून चप्पल शोधतात. मग फोन दोन दिवसांनी येऊ लागला. पुढं एकदा तिनं सांगितलं की नातू घरी आला आणि आजोबा त्याला छातीवर घेऊन झोपले आहेत. त्यानंतर फोन आला नाही. रेवतीनं त्याचा अर्थ चांगला लावला, आणि तो बरोबर होता.

इकडे दुकानात काय झालं, तर काहीच झालं नाही.

गल्ल्यावर निळ्या सदऱ्यातला एक तरुण आला. तो सभ्य होता, वजन चोख होतं, माल तोच होता. आणि तराजूमागे डबी होती. लोक आले, पिशव्या घेऊन गेले, पुन्हा आले. काहींनी पहिल्या दिवशी "मालक नाहीत वाटतं" असं म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता साबण मागितला. काहींच्या लक्षातही आलं नाही. दोन महिन्यांत कंपनीनं त्याच गल्लीतली आणखी अकरा दुकानं मागितली. दुकानदार थकलेले होते, उंबरज्यांचं ऐकून त्यांच्या घरचे धास्तावले होते, किंमत बरी मिळत होती, आणि खूण जितकी जुनी तितकी किंमत जास्त होती.

"पूर्वी माणूस दुकान विकायचा तेव्हा त्याला गिऱ्हाईक विकता येत नव्हतं," इरफान एकदा चहा पिताना म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "म्हणून मोठ्यांना छोटी दुकानं घेण्यात रस नव्हता. आपण गिऱ्हाईक विकता येईल असं करून दिलं."

मग कंपनीच्या नोंदींवरून कळलेली आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. उंबरजे किराणाच्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक, फक्त एक, तुटलं होतं. इंदुमती म्हेत्रे नावाच्या बाई. पोस्टातून निवृत्त झालेल्या, जवळच राहणाऱ्या. मालक बदलल्यानंतर त्या एकदाच आल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत.

रेवतीनं पत्ता मागून घेतला. सगळ्यांवर चाललेला उपाय एकीवर का चालला नाही, हे तिला शास्त्रज्ञ म्हणून कळायला हवं होतं. निदान जाताना तिनं स्वतःला असंच सांगितलं.

म्हेत्रेबाईंनी तिला स्वयंपाकघरातच बसवलं, कारण गॅसवर आमटी होती. रेवतीनं आपली ओळख सांगितली आणि विचारलं की, नव्या दुकानदाराकडून काही चूक झाली का.

"चूक नाही हो. पोरगा चांगला आहे," बाई म्हणाल्या. "पण उंबरजे नाहीत ना तिथं. मग मी जाऊन काय करू?"

"सामान तर तेच आहे."

"ते मला कसं कळणार?" म्हेत्रेबाईंनी आमटी ढवळता ढवळता सहज सांगितलं. "एका तापात माझं वास येणं गेलं. बारा वर्षं झाली. दूध नासलंय, पीठ जुनं झालंय, तेलाला वास मारतोय, काही म्हणजे काही कळत नाही. उंबरज्यांना मी एकदा हे सांगितलं होतं. तेव्हापासून ते माझी प्रत्येक वस्तू आधी आपल्या नाकाशी धरायचे. ही घ्या, ही नको, असं सांगायचे. त्या पोराला मी वास घ्यायला सांगितलं, तर म्हणाला, आजी, पाकिटावर तारीख आहे. तारीख मलाही वाचता येते की."

एवढ्या सगळ्या गिऱ्हाइकांत उंबरजे गेले हे या एका बाईला जाणवलं होतं. रेवतीचा उपाय जिच्या नाकापर्यंत पोचूच शकत नव्हता, त्या बाईला.

"आता आलाच आहात तर एक काम करा," बाई उठल्या आणि फळीवरून कापडी पिशवी काढून तिच्यापुढं ठेवली. "हे शेंगदाणे. शेवटचे तिथूनच आणलेले. चटणी करायचीय. खवट झालेत का बघा."

रेवतीनं मूठभर दाणे नाकाशी नेले. चांगले आहेत, असं तिच्या अगदी ओठावर आलं. तिला ते नुसतं वाटलं नव्हतं. तिची तशी खात्रीच झाली होती, घरच्यासारखी निवांत खात्री. मग तिचं लक्ष पिशवीकडे गेलं आणि ती थांबली. हीच पिशवी तराजूजवळून आली होती. याच दुकानात ती कित्येक दिवस पोत्यावर बसली होती.

तिनं एक दाणा दातांखाली फोडला. मग दुसरा फोडून बघितला.

"खवट आहेत," ती म्हणाली. "टाकून द्या."

"बघा, म्हणजे मी चटणीच केली असती," बाईंनी पिशवी बाजूला ठेवली. "मग चांगले कुठं मिळतील हो? तुम्ही एवढ्या दुकानांत फिरता. कुणाकडून घेऊ?"

प्रश्न साधा होता. रेवतीच्या डोळ्यांपुढं गल्लीतली दुकानं एकामागून एक आली. बाजारातली आली, स्टेशनकडची आली, चटणी विकणाऱ्या बायका आल्या. तीनशेच्या तीनशे. प्रत्येक दुकान तिला चांगलं वाटत होतं, आपलं वाटत होतं, आणि त्यातल्या एकाचंही नाव तिला खात्रीनं घेता येत नव्हतं.

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली.

म्हेत्रेबाईंनी गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि दाराची कडी काढली.

"चला मग," त्या म्हणाल्या. "चावून बघू."